रविवारची हवा

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं मराठी म्हणजे दिल्लीतल्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आई-आण्णांकडून कानावर पडलं तेवढंच. बाहेर शाळा हिंदी, खेळणं हिंदी, भांडणंही हिंदी. लिहायला बसलं की कितीतरी वस्तूंची मराठी नावं आठवत नाहीत, मग आई असती तर विचारलं असतं असं वाटतं आणि पेन थांबतं. ज्यांना लिहिता येतं अशांच्या रांगेत उभं राहायची माझी लायकी नाही हे मला कळतं. तरीही लिहितो आहे, कारण मागच्या महिन्यात मला एक गोष्ट कळली आणि ती आण्णांना कशी सांगायची ते मला कळत नाही. आधीचं सगळं नीट मांडून बघितलं तर कदाचित कळेल.

आण्णा, म्हणजे माझे वडील, रविवारी घराबाहेर पडत नाहीत. आई गेल्यापासून पडलेले नाहीत. इतर दिवशी ऑफिसला जातात, येताना भाजी आणतात, माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलतात. रविवारी मात्र खिडक्या लावून आतल्या खोलीत बसतात. कोणी बोलवायला आलं तर मीच सांगतो, आण्णांना बरं नाही. त्यांना वाटतं की आई त्यांच्यामुळे गेली. हे ते एकदाच बोलले, आणि त्यानंतर मीही तो विषय एकदाच काढून बघितला.

आण्णा एका केंद्र सरकारच्या ऑफिसात शिपाई आहेत. त्या नोकरीमुळे आम्हाला आर. के. पुरममध्ये क्वार्टर मिळाली. आमच्या जिन्यावर वर ओडिया, समोर गढवाली, खाली तमिळ. आईला दमा होता. गावी असताना थोडा होता, दिल्लीत वाढला. थंडीत जिन्याखाली कोणी अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवली की तिचा धूर वर यायचा आणि आई दारं लावून घ्यायची. मग आतल्या स्टोव्हचा वास कोंडायचा. डिस्पेन्सरीतून गोळ्या मिळायच्या. पुढे डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला. आण्णांना तो आवडत नसे. पंपाची सवय लागते, मग माणूस पंपाशिवाय जगत नाही, असं त्यांच्या ऑफिसात सगळे म्हणायचे.

आण्णांचा विश्वास होता तो हवापालटावर. ते वाईच्या बाजूचे. त्यांचं गाव पाचगणीच्या घाटाखालीच आहे. लहानपणी रस्त्याकडेला गुरं घेऊन बसले की मुंबईच्या मोटारी वर जाताना दिसायच्या. आजारी माणसं मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेली असायची. तीच माणसं दोन-चार महिन्यांनी खाली येताना काच खाली करून हसत जायची, असं आण्णा सांगायचे. "खोकत गेलेला माणूस गाणं म्हणत आलेला बघितलाय मी," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. डोंगर, मोकळी हवा आणि जवळ पाणी या तीन गोष्टी असल्या की औषधाचं काम राहत नाही, असं त्यांचं मत होतं. आईला पाचगणीला ठेवणं आमच्या कुवतीबाहेरचं होतं. तिथे आपल्यासारख्यांनी फक्त खालून बघायचं, असं ते म्हणायचे.

मग त्यांना तळं सापडलं. ऑफिसच्या पिकनिकला ते एकदा हरियाणाच्या हद्दीत गेले होते. संध्याकाळी घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, पाचगणी सापडली."

"कुठे ठेवलीय?" आईने पोळी उलटत विचारलं.

"चेष्टा नको. इथून दीड-दोन तासांवर आहे. डोंगर आहेत, पाणी आहे. आणि धुकं, अगं! सकाळी गेलो तर अकरा वाजेपर्यंत समोरचा डोंगर दिसत नव्हता."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो आणि मग जातच राहिलो. बदरपूरच्या हद्दीपर्यंत बस, तिथून फटफटी, म्हणजे आठ-दहा माणसं कोंबणारी मोठी रिक्षा, शेवटी थोडं चालणं. आण्णांच्या हातात छत्री आणि पाण्याचा थर्मास, माझ्याकडे चटई, आईकडे डबा. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वाटेत आण्णा सारखे बोलत असायचे. मला तेव्हा ते नवल वाटायचं. घरी ते गप्प असायचे, दिवसभर फायली घेऊन जिने चढून आल्यावर बोलायचं त्राणच नसायचं. पण फटफटीत बसले की घाट कसा आहे, स्ट्रॉबेरी कशी लावतात, गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातल्या कुत्र्याने त्यांना कसं पळवलं, सगळं निघायचं. आईने ते शंभरदा ऐकलेलं होतं. तरी ती मध्ये मध्ये मुद्दाम चुकीचं बोलायची. "कुत्रा काळा होता ना?" "काळा कुठला, पांढरा! किती वेळा सांगितलं!" आणि ती ओढणाऱ्या श्वासातच हसायची.

तळ्यावर सरकारी हिरवळ होती, नीलगिरीची झाडं होती, एक उपाहारगृह होतं, उंटाची फेरी होती आणि पायडलच्या होड्या होत्या. तेव्हा रविवारी तिथे खूप मारुती गाड्या यायला लागल्या होत्या. माणसं डिकीतून बर्फाचे डबे काढायची, गाडीची दारं उघडी ठेवून टेप लावायची, बायका सलवार-कमीजवर बॅडमिंटन खेळायच्या. रस्त्यावर नव्या वसाहतींचे मोठे बोर्ड लागले होते. एका बोर्डावर निळं पाणी, हिरवा डोंगर आणि धावणारी दोन मुलं होती, खाली लिहिलं होतं की शहराच्या धुरापासून दूर या, शुद्ध हवेत राहा. आण्णांनी तो बोर्ड बसमधून मोठ्याने वाचून दाखवला. "बघ. लाखो रुपये देऊन शिकलेली माणसं ज्या हवेला येतायत, ती आपण फटफटीच्या भाड्यात घेतोय."

हवा घ्यायची त्यांची पद्धत ठरलेली होती. जेवणाआधी आईला काठावर डोंगराकडे तोंड करून उभं करायचं. पदर खोचलेला, हात मागे. "वरवरचा श्वास नको. पोटातून घे. लांब. धर. आता सोड." ते शेजारी उभे राहून स्वतः करून दाखवायचे. समोर डोंगर पांढुरक्या पडद्यामागे असायचा. आई डोळे मिटून घ्यायची, तिच्या खांद्यांकडे बघून कळायचं की तिला जड जातंय. पण ती घ्यायची. लांब, पोटातून.

एकदा एका गाडीतल्या जाड्या बाईंनी विचारलं, "भाई साहब, योगा सिखाते हैं?"

"हवापालट," आण्णा म्हणाले. मग हिंदीत कसं सांगायचं ते न सुचून म्हणाले, "हवा का इलाज है जी. हमारे महाराष्ट्र में चलता है."

त्या बाई, त्यांचे मिस्टर आणि एक म्हातारे गृहस्थ, तिघंही आईच्या शेजारी रांगेत उभे राहिले आणि आण्णांच्या सांगण्यावर श्वास घ्यायला लागले. मिस्टरांना मध्येच ठसका लागला. "निकल रही है, गंदगी निकल रही है," आण्णा त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले. आई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "झाली यांची शाळा सुरू. उद्या फी लावतील."

मी ते हसत बघत होतो. मला आमचे आण्णा त्या दिवशी साहेबासारखे वाटले.

आईला मात्र हवेपेक्षा होडी आवडायची. ती कृष्णाकाठच्या गावातली, पण होडीत कधी बसली नव्हती. नदी म्हणजे धुणं आणि पाणी भरणं. पहिल्यांदा होडीत पाय ठेवताना तिने आण्णांचा शर्ट असा धरला की खांद्यावरची शिवण उसवली. पण होडी काठापासून सुटली आणि तिचा चेहराच बदलला. पुढे दर रविवारी, फेरी संपली की तिचं एकच मागणं असायचं. "अजून एक. मला उतरायला सांगू नका ना." होडीवाला शिट्टी वाजवून बोलवायचा आणि ती ऐकू न आल्यासारखं करायची.

पायडल आण्णा मारायचे. तिने मारायचं नाही असं ठरलेलं होतं. तरी ती पाय वर घेऊन बसत नसे. पावलं पायडलवर ठेवायची, आण्णांनी फिरवलेल्या पायडलबरोबर तिचेही पाय नुसते फिरत राहायचे. "बघ, मीच चालवतेय," असं मला काठावर हात करून ओरडायचा प्रयत्न करायची. आवाज पोचायचा नाही, हात दिसायचा.

आवाज पोचायचा नाही त्याला आणखी एक कारण होतं. डोंगरामागे सारखी घरघर चालू असायची, पिठाची गिरणी चालते तशी. मधूनच धप्प असा आवाज यायचा आणि हिरवळीवरचे पक्षी उडायचे. एखादा कारखाना असेल, आण्णा म्हणायचे. परत येताना चपला पांढऱ्या व्हायच्या. नीलगिरीच्या पानांवर बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखं लागायचं. कच्चे रस्ते आहेत, गाड्या वाढल्या, हेही आण्णाच म्हणायचे. आणि धुकं उन्हाळ्यातही हटेना, तेव्हा ते जरा वेळ डोंगराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाण्याचं आहे. जिथे पाणी तिथे धुकं."

पण पाणी कमी होत होतं. दर वर्षी काठ आत सरकत होता. होडीचा लाकडी धक्का आधी लांबवला, मग त्याच्यापुढे विटा टाकल्या, मग चिखलातून फळ्या. "माताजी, उस तरफ मत जाना, नीचे लग जाएगी," होडीवाला सांगायचा. मी अकरावीत होतो तेव्हा होड्या उलट्या करून झाडाखाली ठेवल्या. आईने त्या दिवशी विचारलं, "आता?" आण्णा म्हणाले, "होडीसाठी थोडंच येतो आपण? हवेसाठी येतो."  आई चटई पाण्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेऊन तिथे बसली. त्यानंतरही आम्ही येत राहिलो, आणि ती तशीच बसत राहिली.

मधूनच ती उठून झाडांच्या मागे जायची. बायकांची अडचण असेल म्हणून आम्ही तिकडे बघायचो नाही.

तिचा दमा वाढतच गेला. सोमवारी ती बहुतेक अंथरुणावर असायची. आण्णा म्हणायचे, बाहेरची हवा घेऊन परत या क्वार्टरच्या हवेत आली की शरीराला धक्का बसतो. उपाय एकच, आणखी जास्त वेळ बाहेर. आम्ही सकाळी लवकर निघायला लागलो. धुकं दाट असताना पोचायला लागलो.

मी बारावीत असताना, हिवाळ्याच्या शेवटी, एका सोमवारी सकाळी तिचे ओठ निळे झाले. समोरच्या गढवाली काकांनी स्कूटर काढली, मग रिक्षा मिळाली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिला नळी लावली. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आण्णांना प्रश्न विचारत होते. मी तिथेच होतो. घरात स्टोव्ह आहे का, कबुतरं आहेत का, धूर आहे का. आण्णा खाटेशी सावधान उभे राहिल्यासारखे उभे होते, साहेबापुढे राहतात तसे.

"हम तो बहुत सँभालते हैं, साहब," ते म्हणाले. "हर इतवार बाहर ले जाते हैं. अच्छी हवा में. पहाड़ है, झील है." आणि तळ्याचं नाव सांगितलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "वहाँ? वहाँ तो पत्थर के क्रशर हैं. पूरा पहाड़ पिस रहा है. दिल्ली से हटाकर सब उधर ही तो भेजे हैं."

"नहीं जी," आण्णा म्हणाले. "वो धुंध है."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं.  त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या खाटेकडे गेले.

 आण्णांनी खाली वाकून आपल्या चपला बघितल्या. रविवारच्याच होत्या. पट्ट्यांच्या कडेला अजून पांढरं होतं. ते त्यांनी रुमालाने पुसलं, आणि तो रुमाल हातात धरून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

आई त्याच आठवड्यात गेली. आण्णा खाली चहा आणायला गेले होते, मी तिच्याजवळ होतो. तिला बोलता येत नव्हतं. तिने पायाच्या बाजूची चादर सारखी करायला खुणेने सांगितलं, मी केली, एवढंच.

तेराव्याला लोक गेल्यावर आण्णा बोलले. "पोटातून घे म्हणालो मी तिला. लांब घे म्हणालो." एवढंच, आणि ते आतल्या खोलीत गेले. तो रविवार होता.

मी कॉलेजात गेलो. संध्याकाळचं कॉलेज, दिवसा एका दुकानात काम. आण्णांना मी काय समजवणार होतो? दिल्लीतल्या गाड्या, अंगीठी, स्टोव्ह, सगळ्याचंच होतं ते, असं मी एकदा म्हणायला गेलो. त्यांनी हात वर केला आणि मी थांबलो. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मला मनापासून वाटत असतं तर मी थांबलो नसतो. पण डॉक्टरांचं बोलणं मीही ऐकलं होतं.

मागच्या महिन्यात माझा बी.ए.चा निकाल लागला. आण्णा म्हणाले, मामींना पेढे देऊन ये. मामी म्हणजे आमच्या खालच्या क्वार्टरमधल्या तमिळ बाई. सगळा जिना त्यांना मामी म्हणायचा. आईची त्यांच्याशी फार मैत्री. दोघींची हिंदी दोन वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेली, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. आईबरोबर डिस्पेन्सरीत नेहमी त्याच जायच्या. मामींचे मिस्टर निवृत्त झाल्यावर ते दोघं द्वारकेत, म्हणजे दिल्लीच्याच टोकाच्या नव्या वस्तीत, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये गेले.

मी रविवारीच गेलो. तिकडे अजून अर्धे फ्लॅट रिकामे आहेत, पाणी टँकरने येतं. सगळीकडे बांधकाम. मामींच्या बिल्डिंगसमोर खडीचा मोठा ढीग पडलेला होता, इकडे त्याला रोडी म्हणतात. त्याच्यावर मुलं घसरगुंडी खेळत होती. त्यांच्या चड्ड्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी त्या ढिगाला वळसा घालून गेलो.

मामींनी पेढा आधी देवापुढे ठेवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कॉफी केली. मग विचारलं, "तेरा अप्पा क्यों नहीं आया? संडे है, छुट्टी है."

मला खोटं सांगायचा कंटाळा आला होता. मी सांगितलं. रविवारी ते का बाहेर पडत नाहीत, तेराव्याला काय म्हणाले, सगळं.

मामी पेल्यातली कॉफी वाटीत ओतून परत पेल्यात ओतत होत्या. त्या थांबल्या.

"वो ऐसा सोचता है? इतने साल से?"

मी मान हलवली.

"अय्यो." त्यांनी पेला खाली ठेवला. त्या आपल्या बांगड्या फिरवत राहिल्या. "तेरी अम्मा ने मुझसे मुरुगन का कसम लिया था. मैं नहीं बोली. पर अब वो नहीं है, और वो आदमी घर में बंद बैठा है. तो भगवान मुझको माफ करेगा."

मग त्यांनी सांगितलं. आई जाण्याच्या आदल्या वर्षी डिस्पेन्सरीत एक नवी लेडी डॉक्टर आली होती. तिने खोदून खोदून विचारलं, आणि तळ्याचं नाव ऐकल्यावर आईला रागावली. तिथे पत्थराची धूळ आहे, तुझ्यासाठी विष आहे, एक रविवारही जायचं नाही, आणि पंप रोज घ्यायचा. आई "हाँ जी, हाँ जी" म्हणाली. बाहेर आल्यावर मामी म्हणाल्या, आज रात्री नवऱ्याला सांग. आई म्हणाली, नाही सांगणार.

"मैं बहुत लड़ी. बोली, तू पागल है क्या? तेरा बच्चा है."

"मग?" मी विचारलं. माझ्या तोंडून मराठीच आलं.

"बोली, मामी, उसको पता चलेगा तो मुझे घर बिठा देगा. छह दिन मैं दो कमरे में, वो आता है, खाता है, सोता है, मुँह नहीं खोलता. एक दिन वो मेरे से बात करता है. पूरा रास्ता बात करता है." मामींनी पदराने नाक पुसलं. "पंप वो झाड़ के पीछे जाके लेती थी, तुम लोगों से छुपा के. मुझे हँस के बताती थी, जैसे बड़ी होशियारी किया."

मला झाडं आठवली. आम्ही तिकडे बघत नव्हतो ते आठवलं.

"मैं बोली, और साँस? साँस का क्या?"

खाली टँकर आला होता आणि बायका बादल्या घेऊन ओरडत जिना उतरत होत्या. मामींनी उठून खिडकी लावली, परत येऊन बसल्या आणि आई जसं बोलली असेल तसंच, हळू, मध्ये थांबत म्हणाल्या, "बोली, साँस तो मामी इधर भी नहीं आता. उधर कम से कम पानी दिखता है."